कड उडालेली ऐरण चालेल, घासलेली नको

भंगाराच्या दुकानात जुनी ऐरण दिसली की माणसं आधी तिच्या कडा बघतात. कड उडालेली, शिंगाचं टोक मोडलेलं, माथ्यावर छिन्नीचे घाव दिसले की माल बाद समजून पुढे जातात. शेजारीच ग्राइंडर मारून चकाचक केलेली ऐरण असेल तर तिला जास्त पैसे मोजतात. हे उलटं चाललंय. आमच्या घरात तीन पिढ्या भट्टी पेटते आहे. फाळ, पहारी, कुऱ्हाडी शेवटायला अजून लोक येतात. हल्ली सुऱ्या घडवायला शिकणारी शहरातली पोरंही फोन करतात, "काका, ऐरणीचा फोटो पाठवलाय, घेऊ का?" फोटोवरून ऐरण कळत नाही.

ऐरणीचा जीव तिच्या माथ्यात असतो. जुन्या विलायती ऐरणींपैकी बऱ्याच जणींचं अंग मऊ, घडीव लोखंडाचं. त्यावर साधारण अर्धा इंच पोलादाची पट्टी तापवून, घण मारून जोडलेली आणि मग पाणी देऊन कडक केलेली. आपण पैसे देतो ते त्या अर्ध्या इंचाचे.

म्हणून जाताना खिशात बेअरिंगची एक गोळी आणि मोजपट्टी न्या. १० इंचांवरून गोळी माथ्यावर सोडा. ७-८ इंच परत उसळली तर माथा जिवंत आहे. ५ इंचांच्याही खाली राहिली तर हातोडा उसळणार नाही, सगळा भार तुमच्या खांद्यावर येईल. एकदाच सोडून थांबू नका, माथाभर इंचाइंचावर सोडत जा. सगळीकडे उसळणारी गोळी एकाच जागी मरत असेल, तर तिथे लहान हातोड्याने हलकेच वाजवा. आवाज बद्द आला तर तिथली पोलादाची पट्टी खालून सुटलेली आहे. अशी ऐरण सोडून द्या. सगळा माथाच मेलेला असेल तर ती बहुधा आगीत सापडून पाणी उतरलेली, नाहीतर मुळात बिडाची. बिडाची ओळख तुटलेल्या जागी पटते: तिथे गूळ फोडल्यासारखा रवाळ, करडा दाणा दिसतो. नुसत्या खणखणाटावर मात्र जाऊ नका. लाकडात घट्ट बसवलेली किंवा साखळीने बांधलेली चांगली ऐरणही दबक्या आवाजात बोलते.

आता कडा. सबंध कड कोणाला लागते? चार-पाच इंच सलग शाबूत असली की काम भागतं. आम्ही तर नव्या ऐरणीच्या कडा मुद्दाम गोल करतो, कारण टोकदार कडेवर लोखंडाला खाच पडते आणि तिथूनच पुढे चीर जाते. मध्ये दोन-तीन मिलिमीटर खोल गेलेला माथा वाकडी पहार सरळ करायला उलट सोयीचा. लांब पातं घडवणाऱ्याला तो अडचणीचा, हे खरं. शिंगाचं टोक गेलं तर गेलं. अंगातून आरपार गेलेली चीर मात्र कधीच चालवून घेऊ नये.

माझा खरा राग ग्राइंडरवर आणि वेल्डिंगवर आहे. एका भंगारवाल्याकडे एक ऐरण पाहिली. माथा आरशासारखा, कडा रॉडने भरून काटकोनात आणलेल्या. गोळी सोडली तर जेमतेम ४ इंच आली. घाव काढण्याच्या नादात पोलादच घासून टाकलं होतं. भरलेल्या कडेला केसासारख्या बारीक चिरा होत्या. हे होणारच. एवढा मोठा लोखंडाचा गोळा वेल्डिंगची उष्णता क्षणात ओढून घेतो, लगतचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. आधी सगळी ऐरण २०० अंशांच्या आसपास तापवून मगच भरायला हवी, आणि तेवढे कष्ट दुकानात विकायला ठेवणारा घेत नाही. ती कड घावाखाली उडाली तर तुकडा सरळ डोळ्यात जातो.

विलायती ऐरणीच्या कुशीवर तीन आकडे कोरलेले दिसले तर वजन त्यातच आहे. पहिल्याला ११२ ने गुणा, दुसऱ्याला २८ ने, तिसरा तसाच मिळवा. १-२-१० म्हणजे १७८ पौंड, जवळपास ८१ किलो. हे येत असलं की भावात फसत नाही.

पैसे कमी असतील तर रेल्वेच्या रुळाचा दीड फूट तुकडा उभा पुरून त्याच्या डोक्यावर काम करा. आडवा टाकला तर घावागणिक लवतो. पण घेताना पक्की पावती घ्या. रेल्वेचा चोरीचा माल बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बंद पडलेल्या कारखान्यांच्या आणि शाळांच्या वर्कशॉपच्या लिलावात ऐरणी सरसकट भंगाराच्या ढिगात तोलल्या जातात आणि वितळायला जातात. लिलाव करणाऱ्यांना माझी विनंती आहे. ऐरणी ढिगातून वेगळ्या काढा, त्यांची वेगळी बोली लावा, आणि विकण्याआधी त्यांना काहीही करू नका. गंजही राहू द्या, तो आम्ही तारेच्या ब्रशने काढू.