मोजपट्टी कोणाच्या डोळ्यांसमोर?

पाणी वापर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची जी पत्रे अलीकडे आमच्याकडे येत आहेत, त्यांतील बहुतेकांचा रोख पाणीपट्टीच्या दरावर आहे. हजार घनमीटरला किती आकार असावा यावर सभांमधून जितका खल होतो, त्याच्या चतुर्थांशही ते घनमीटर मोजले कसे जातात, कोण मोजतो आणि तो आकडा कोणाच्या दृष्टीस पडतो या प्रश्नावर होत नाही, ही गोष्ट आम्हांस अत्यंत चिंतेची वाटते.

गुंतागुंतीच्या व्यवस्थेत अल्प बळाने मोठे परिवर्तन कोठून घडविता येते, याचा विचार करताना अमेरिकन विदुषी डोनेला मेडोज यांनी १९९९ साली अशा बारा स्थानांची चढती श्रेणी मांडली आणि दर, कर व अनुदाने यांचे आकडे तिच्या अगदी तळाशी ठेवले. माहितीचा ओघ, नियम आणि व्यवस्थेचे उद्दिष्ट यांना त्यांनी फार वरचे स्थान दिले. ॲम्स्टरडॅमजवळच्या एका वसाहतीची हकीकत त्यांनी दिली आहे. घरे सारखीच होती, पण ज्यांतील विजेचा मीटर तळघराऐवजी दर्शनी दालनात होता, तेथे विजेचा खप सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरला. आपल्या कालव्यांवरचा मीटर अजून तळघरातच आहे.

नियमांच्या पातळीवरचे काम २००५ सालीच झाले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या अधिनियमाने संस्थेला घनमापन पद्धतीने पाण्याचा हक्क दिला, पीक निवडण्याची मोकळीक दिली, आणि क्षेत्रावर आकारणी करण्याच्या जुन्या रिवाजातून बाहेर पडण्याची वाट करून दिली. परंतु हा सारा हक्क ज्या एका जागी खरा किंवा खोटा ठरतो, ती जागा म्हणजे लघुवितरिकेच्या मुखाशी विसर्ग मोजण्यासाठी बसविलेली फ्ल्यूम. आणि तिची अवस्था काय आहे? पुढच्या पाटात गाळ व गवत माजून पाणी तुंबले की ती बुडीत चालू लागते, तिच्या मोजपट्टीवर पाण्याची उंची अधिक दिसते, दप्तरातल्या तक्त्यात मात्र विसर्ग मुक्त प्रवाहाचाच धरलेला असतो, आणि परिणामी जे पाणी शेपटापर्यंत पोचलेच नाही त्याची आकारणी संस्थेच्या नावे निघते. कित्येक ठिकाणी पट्टीवरचे आकडेच पुसले गेले आहेत. तरीही पाणीमापनाच्या नोंदवहीत सकाळ-संध्याकाळच्या नोंदी सुवाच्य अक्षरांत, एकही दिवस न चुकता भरलेल्या असतात.

एका संस्थेने या नोंदींची नक्कल मागितली, तेव्हा तिला माहितीच्या अधिकाराखाली रीतसर अर्ज करण्यास सांगण्यात आले. जिच्या आधारे आपणांकडून वसुली होते ती नोंद पाहण्यासाठी आपणच अर्जदार व्हावे, याहून विपरीत काय असू शकेल? फ्ल्यूमच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक दिले तर ते कोणत्या लेखाशीर्षाखाली घ्यावे या पृच्छेसह परत येते. आणि अस्तरीकरणाच्या मोठ्या कामांवर निधी खर्च होत असता पट्टी रंगविण्याच्या किरकोळ कामास मंजुरी मिळत नाही. अधिकारी वर्गाने हे नीट ध्यानात घ्यावे की, मोजमाप लपलेले असेल तोवर कितीही सिमेंट ओतले तरी मुखाकडचा शेतकरी दोन पाळ्यांचे पाणी घेणार आणि शेपटाकडचा कोरडा राहणार.

नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारे १९९० नंतरच्या दशकात जे कार्य उभे केले, त्याचा आरंभ ओझर परिसरातील शेपटाकडच्या शेतकऱ्यांपासून झाला, हे पुष्कळजण विसरतात. ज्याच्या वाट्याला पाणी येत नाही, त्यालाच मोजमापाची खरी आच असते. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन संस्थांच्या हाती आले, त्याचे मूळ या आचेत आहे.

आमच्या संस्था-बांधवांनाही दोन शब्द परखडपणे सांगणे प्राप्त आहे. हस्तांतरणानंतर लघुवितरिकेतील गाळ काढणे हे संस्थेचे काम आहे. ते न करता बुडीत फ्ल्यूमविषयी तक्रार करण्याचा अधिकार कोणाला पोचतो? वार्षिक सभेस गणपूर्ती होत नाही, पाटकऱ्याचे मानधन थकते, आणि अध्यक्ष महाशय दरवाढीच्या निषेधाचा ठराव करून मोकळे होतात!

रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी चारी साफ करा. पट्टी स्वखर्चाने रंगवा, तिचा शून्यबिंदू फ्ल्यूमच्या उंबऱ्याच्या पातळीशी लेव्हल लावून जुळवून घ्या, आणि कालवा निरीक्षक व संस्थेचा प्रतिनिधी यांच्या संयुक्त सहीनेच प्रत्येक वाचनाची नोंद व्हावी असा आग्रह धरा. त्या दिवशी संस्थेला मिळालेले पाणी आणि हक्कापैकी शिल्लक पाणी, हे दोन आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, म्हणजे शेपटाकडच्या सभासदाला ते विचारावे लागणार नाहीत. जो अधिकारी सहीस नकार देईल त्याचा नकार लेखी मागा. अशा नोंदवह्यांच्या प्रती आवर्तन संपताच आमच्याकडे पाठवाव्यात. त्यांसाठी पुढील अंकाची पाने राखून ठेवली आहेत.