आधी राब, मग लावणी
आज राब भाजून झाला. रोपं तयार नसताना लावणीला कोणी उतरत नाही.

आपल्या नवी मुंबईत मात्र उलटं. आधी टॉवर, शाळा शेवटी. ९५ गावांच्या जमिनी सिडकोने घेतल्या. नकाशात शाळेचा प्लॉट असतो, पण तो पालिकेला मिळणार कधी, मग बजेट, टेंडर... तोवर पहिलीतलं पोरगं पाचवीत जातं. पालिकेच्या सीबीएसई शाळांना प्रवेशासाठी सोडत काढावी लागते, म्हणजे लोकांना पालिकेची शाळा नको हे खोटं. कायद्याने तर पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच, सेक्टरात शाळेची इमारत उभी राहिल्याशिवाय नव्या टॉवरला ओसी देऊ नका. पटतंय का बघा.