सही करण्याचा अधिकार

वाचकहो, एखाद्या कंपनीच्या ताळेबंदाखाली आपल्या घरातील स्त्रीची सही असेल, तर प्रथम स्वतःस एक प्रश्न विचारा : सही करण्यापूर्वी तिने तो ताळेबंद वाचला होता काय?

हा प्रश्न विचारण्यास कारण घडले. काही महिन्यांपूर्वी एक भगिनी आयकर खात्याची नोटीस घेऊन माझ्या कचेरीत आल्या. पतीच्या खाजगी कंपनीत त्या नऊ वर्षे संचालक होत्या. कंपनी बुडाली, कर थकला आणि वसुली त्यांच्या दारी आली. “मी फक्त सही करीत होते,” असे त्या म्हणाल्या. चौकशी करता कळले की, सहीदेखील त्या करीत नव्हत्या! त्यांच्या डिजिटल सहीचे साधन कर-सल्लागाराच्या टेबलाच्या खणात पडून असे.

कायदा मात्र स्पष्ट आहे. खाजगी कंपनीकडून कर वसूल होऊ शकला नाही, तर तो त्या काळातील संचालकांकडून वसूल करता येतो. आपली घोर हयगय अथवा कर्तव्यच्युती त्यास कारण नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार संचालकावरच असतो. ‘मला काही ठाऊक नव्हते’ हा बचाव तेथे दुबळा पडतो. किंबहुना न पाहणे हीच हयगय, असे सरकारपक्ष म्हणतो.

ज्या सहीची आज अशी अवहेलना होते, तिच्यासाठी स्त्रियांनी किती काळ दारे ठोठावली हे आपणांस ठाऊक असावे. लंडनमध्ये मेरी हॅरिस स्मिथ या स्वतंत्रपणे हिशेबतपासणीचा व्यवसाय करीत होत्या. १८९१ साली त्यांनी इंग्लंड व वेल्समधील सनदी लेखापालांच्या संस्थेकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. स्त्री म्हणून तो फेटाळला गेला. १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने लिंगभेदावर आधारलेली अपात्रता दूर करणारा कायदा केला, तेव्हा कोठे १९२० च्या मे महिन्यात त्यांचे नाव संस्थेच्या पटावर चढले. त्या वेळी त्यांचे वय ७५ होते. बाईंची विद्या तीच, आकडेही तेच. बदलला तो कायदा.

आपल्या देशात मद्रासच्या कुमारी आर. शिवभोगम १९३३ साली लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. स्वातंत्र्य चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला होता, आणि असा तुरुंगवास भोगलेल्यांस या व्यवसायाची मनाई होती. त्यांनी कायदेशीर दाद मागितली व १९३७ मध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला. पुढे १९५५ ते १९५८ या काळात सनदी लेखापालांच्या दक्षिण विभागीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तेथवर त्या कोणाच्या पत्नी वा कन्या म्हणून पोहोचल्या नव्हत्या.

२०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर, तसेच मोठ्या सार्वजनिक कंपन्यांवर, संचालक मंडळात निदान एक स्त्री असण्याचे बंधन घातले. तरतूद योग्यच आहे. पण कित्येक ठिकाणी ती खुर्ची मालकाच्या घरातीलच स्त्रीस देऊन कर्तव्य उरकले जाते, आणि सभेत तिच्यापुढे चहा येतो, कागद येत नाहीत.

म्हणून कन्या बारावीनंतर लेखापालाची परीक्षा देऊ म्हणाली, तर तिला अडवू नका. उमेदवारीच्या दोन वर्षांत ऑडिटसाठी परगावी जावे लागते, गोदामातील मालाची मोजदाद करावी लागते, कधी परतण्यास रात्र होते. नेमक्या याच ठिकाणी आपली घरे कच खातात, हे मी माझ्या नात्यातच पाहिले आहे. कंपनीच्या लेखापरीक्षकास तिच्या वह्या केव्हाही पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. हा हक्क घरी बसून बजावता येत नाही.

त्या भगिनींचे प्रकरण अद्याप चालू आहे. नऊही वर्षांचे ताळेबंद त्यांनी मिळविले असून, दर शनिवारी त्या माझ्या कचेरीत बसून ते वाचतात. परवा त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “दिरांस दिलेले हे कर्ज सहा वर्षे येणे म्हणूनच दाखविले आहे. हे परत मागितले कोणी?”