विंचवाला बाजारपेठ नसते

कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरापुढे आज एक प्रतिष्ठेची वाट खुली असते : औषध कंपनीत जावे, नव्या औषधांच्या मानवी चाचण्या आखाव्यात आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख व्हावे. या वाटेने जाणाऱ्याला दूषणे देण्याचे कारण नाही. चाचणीची काटेकोर शिस्त कंपन्यांतही जोपासली गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु औषधसंशोधन करावयाचे तर कंपनीचाच आश्रय घेतला पाहिजे, हा जो सिद्धान्त हल्ली निमूटपणे गिळला जातो, तो याच रायगड जिल्ह्यात केव्हाच खोटा ठरला आहे.

पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले की पुढे महाड येते. १९७६ साली त्या तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने शेतकऱ्यांची, मजुरांची पोरे फुप्फुसांत पाणी होऊन मरत होती. गंभीर दंश झालेल्या शंभरांत २५-३० दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि १९८२ साली त्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्या. मग रक्तदाबासाठी बाजारात असलेले प्राझोसिन त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०११ साली बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरील रीतसर तुलनात्मक चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली : प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो. ते प्रतिविषही राज्य शासनाच्या हाफकिन महामंडळाचे. (सार्वजनिक उद्योग म्हणजे पांढरा हत्ती, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे!)

हे काम एखाद्या कंपनीतल्या वैद्यकीय प्रमुखाला का सुचले नाही? त्याची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. औषध गुणकारी आहे की नाही, हे तपासण्याची मुभा त्याला असते. आधी कोणता रोग हाती घ्यावा, हे ठरवण्याची नसते. तो निर्णय विक्रीचा अंदाज करतो, आणि भाताच्या पेंढ्यात हात घालणाऱ्या मजुराचा त्या अंदाजात हिशेब नसतो. २०१९च्या चाचणीविषयक नियमांनी नैतिक समित्या आणि नुकसानभरपाई यांची तरतूद केली आहे. ती आवश्यकच होती. पण ती चाचणीत सामील झालेल्या रुग्णापुरती. ज्याच्या रोगावर चाचणीच होत नाही, त्याची दाद कोणत्या समितीपुढे लागणार?

बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि मंत्र्यांनी अभिनंदनही केले असेल. बिरवाडीत त्यांनी काम सुरू केल्यापासून आजवर शासनाने ग्रामीण रुग्णालयांत औषधचाचण्या आखणाऱ्या डॉक्टरांची किती कायम पदे निर्माण केली, हा आकडा आरोग्यमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा.