घराची किंमत : मनातली, कागदावरची आणि बाजारातली

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहते घर विकायला काढले की पहिला आकडा बहुधा शेजारच्या इमारतीतून येतो. ‘समोरच्या विंगमधला फ्लॅट सव्वा कोटीला गेला’ असे कुणीतरी सांगते. मग आपल्या घरातल्या नव्या फरशीचे आणि मॉड्युलर किचनचे चार-पाच लाख त्यात मिळवले जातात, वर घासाघिशीसाठी म्हणून आणखी काही लाख ठेवले जातात. अशा रीतीने ठरलेल्या किमतीला पुढे कित्येक महिने गिऱ्हाईक मिळत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी या एकाच व्यवहारात अडकलेली असते, हे लक्षात घेता किंमत ठरविण्याची ही पद्धत चिंताजनक म्हटली पाहिजे.

मुळात जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. व्यवहार प्रत्यक्षात कितीला झाला, हे नोंदणीच्या दस्तातच कळते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांची ‘सूची क्रमांक २’, म्हणजे रोजच्या भाषेतील ‘इंडेक्स टू’, पाहता येते. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे आकडे असतात. पहिला उभय पक्षांत ठरलेला, तर दुसरा सरकारी दर तक्त्यानुसार निघालेला. आपल्या सोसायटीतील आणि आसपासच्या तीन-चार अलीकडच्या दस्तांमधील मोबदला काढून त्याला क्षेत्रफळाने भागले, तर ऐकीव भावापेक्षा कितीतरी विश्वासार्ह दर हाती येतो.

क्षेत्रफळाची तुलना मात्र सारख्याशी सारखी हवी. जुन्या करारांत बिल्टअप, काही ठिकाणी सुपर बिल्टअप, तर २०१७ मध्ये महारेरा कार्यरत झाल्यानंतरच्या प्रकल्पांत कार्पेट क्षेत्र लिहिलेले आढळते. नव्या इमारतीचा कार्पेटचा दर घेऊन त्याने आपल्या बिल्टअप क्षेत्राला गुणण्याची चूक सर्रास होते आणि त्यामुळे किंमत विनाकारण फुगते. पार्किंगचेही तसेच. स्टिल्टमधील किंवा उघड्यावरील पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोफा कायद्याखालील प्रकरणात दिला. तेव्हा सोसायटीने वाटून दिलेल्या जागेला मालकी हक्काची किंमत लावताना कागद तपासलेले बरे.

खरेदीदाराची बाजू

किंमत फुगवली की नेमके काय होते, हे खरेदीदाराच्या खिशातून पाहिले पाहिजे. समजा, मुंबईतील एका फ्लॅटचा वाजवी भाव १ कोटी ५ लाख आहे आणि मालक १ कोटी २० लाखांवर अडून बसला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांहून मोठ्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. आणि बँक स्वतःच्या मूल्यांकनकाराचा आकडा धरून चालते. त्याने १ कोटी ५ लाखच मूल्य काढले तर कर्ज ७८ लाख ७५ हजारांवर थांबते. उरलेले ४१ लाख २५ हजार, सहा टक्क्यांप्रमाणे ७ लाख २० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, असे ४८ लाख ७५ हजार रुपये खरेदीदाराला रोख उभे करावे लागतात. वाजवी भावाला हीच रक्कम ३२ लाख ८५ हजार झाली असती. म्हणजे वाढीव १५ लाखांपैकी एक रुपयाही कर्जातून येत नाही. उलट त्यावरील शुल्काचे ९० हजार अधिक पडतात. पगारदार गिऱ्हाईक येथेच माघार घेते.

थांबण्याचीही किंमत असते. १ कोटी ५ लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचे ७ लाख ३५ हजार व्याज होते. रिकाम्या घराचा देखभाल खर्च महिना पाच हजार धरला तर आणखी ६० हजार. याचा अर्थ वर्षभर थांबलेल्या विक्रेत्याला नुसती बरोबरी साधण्यासाठी सुमारे १ कोटी १३ लाख मिळायला हवेत. निवृत्तीनंतर त्या व्याजावर घर चालवू पाहणाऱ्यांना हा हिशेब अधिक बोचतो.

कमी किमतीचा सापळा

भाव फार खाली आणणेही सोपे नाही. सरकारी दर तक्ता, अर्थात रेडी रेकनर, दोन वर्षे स्थिर राहून १ एप्रिल २०२५ पासून वाढला. काही भागांत, विशेषतः जुन्या इमारतींबाबत, सरकारी मूल्य प्रत्यक्ष भावाच्या पुढे जाते. शुल्क तर दोहोंतील अधिक रकमेवरच लागते. शिवाय सरकारी मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल तर आयकर कायदा तेच मूल्य विक्रीची किंमत मानतो. एक कोटी सरकारी मूल्याचे घर ८० लाखांना दिल्यास विक्रेत्याचा भांडवली नफा एक कोटीवर मोजला जातो आणि वरचे २० लाख खरेदीदाराचे उत्पन्न ठरतात. सरकारी मूल्य खरोखरच अवास्तव असेल तर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते, पण तो वेळखाऊ मार्ग आहे. ‘थोडे रोखीने घेऊ’ हा जुना तोडगा तर २०१५ पासून अधिकच धोक्याचा झाला आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

पुनर्विकासाची आशा हा आणखी एक फुगवटा. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालेले नाही, विकासकाशी करार नाही, केवळ सभेत चर्चा आहे, अशा अवस्थेत भविष्यातील वाढीव क्षेत्राचे पैसे आजच्या खरेदीदाराने का द्यावेत? करार नोंदलेला असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा विक्रेत्याने आधी नोंदलेल्या दस्तांवरून दर काढावा, सरकारी मूल्य आणि कराचा हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा, जमल्यास मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल करवून घ्यावा, आणि मगच घासाघिशीसाठी दोन-चार टक्के वर ठेवून किंमत जाहीर करावी. पहिल्या दीड-दोन महिन्यांत घर पाहायला लोक येऊनही कुणी आकडा बोलत नसेल, तर दलाल बदलण्याआधी किंमत पुन्हा तपासावी. वर्षभर यादीत राहिलेल्या घराकडे ‘यात काही खोट असणार’ या नजरेने पाहिले जाते, आणि मग वाजवी भावही मिळेनासा होतो.