जीव वाचला, पुढचं कोण विचारणार?

पानिपतजवळच्या काला अंबला १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं जातात, स्मारकापुढे माथा टेकवतात. १७६१ च्या त्या पराभवाची बातमी दक्षिणेत आणणाऱ्या सावकारी चिठ्ठीबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोती किती गळाले, मोहरा किती हरवल्या, हे तिच्यात मोजून लिहिलं होतं. खुर्द्याची मात्र गणतीच नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तिथे असतील, तर ते या खुर्द्यातच असतील. त्यातले जे पायी घरी पोचले, त्यांना रात्री डोळे मिटल्यावर काय दिसत होतं, हे विचारायची पद्धत तेव्हा नव्हती.

फार बदल झालेला नाही. तिशी-चाळिशीत पक्षाघाताचा झटका येऊन वाचलेल्या माणसाकडे पाहा. गावाकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात रक्तदाब, साखर, हात किती उचलतो, पाऊल कसं पडतं हे सगळं कागदावर येतं. झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. लढाईवरून परतलेल्याचं रणांगण निदान मागे राहतं, याचं डोक्यातच असतं. हाताला मुंग्या आल्या की वाटतं, पुन्हा आला. झटका झोपेत आला असेल तर अंथरुणाचीच धास्ती बसते.

याला आघातोत्तर तणाव म्हणतात, दवाखान्याच्या भाषेत पीटीएसडी. २०१३ मध्ये ९ अभ्यासांतल्या ११३८ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा झटक्यानंतरच्या पहिल्या वर्षात २३ टक्क्यांना, म्हणजे जवळपास चारांतल्या एकाला हा त्रास दिसला. वर्षानंतर तो ११ टक्क्यांवर होता. २०१२ चा न्यूयॉर्कमधला एक अभ्यास तर आपण नीट वाचावा असा आहे. त्यातले ५३५ जण बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधले होते. ज्यांच्यात या तणावाची लक्षणं होती, त्यांच्यापैकी ६७ टक्के औषधं नियमित घेत नव्हते. बाकीच्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. गोळीचं पाकीट त्या दिवसाची आठवण करून देतं, म्हणून ते टाळलं जातं, असं एक स्पष्टीकरण आहे. आणि गोळी चुकली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. आपले डॉक्टर मात्र अशा रुग्णाला ‘बेफिकीर’ म्हणून मोकळे होतात.

आता घरातला पहिला पदवीधर डोळ्यांपुढे आणा. शिक्षणाचं कर्ज, धाकट्याची फी, आईबापाचं औषध, सगळं एका पगारावर. हा माणूस ‘मला भीती वाटते’ असं म्हणेल? ऑफिसात ‘कोट्यातून आला, झेपलं नाही’ हे ऐकायला तो तयार नसतो, आणि घरी तर तोच आधार. म्हणून तक्रार येईल तेव्हा बघू, हे धोरण आपल्या लोकांसाठी कुचकामी आहे. प्रत्येकालाच विचारलं पाहिजे, म्हणजे विचारण्यात कमीपणा राहत नाही.

पाच हो-नाही प्रश्नांची चाचणी जगात वापरली जाते. महिन्यानंतर, पुढे तिसऱ्या महिन्यात, वर्षाने, नर्स किंवा फिजिओथेरपिस्टही ती घेऊ शकतात. मराठीत ती पुस्तकी नको, बोलीत तपासून घेतलेली हवी. वाचा गेलेल्यांसाठी चित्रं आणि मानेची खूण. उत्तर ‘हो’ आलं म्हणजे निदान झालं असं नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञ भेटणारच नसेल, तर मात्र विचारणं ही क्रूर थट्टा ठरेल. तेव्हा मागणी दोन्हींची, एकाच वेळी.

तोवर हे माहीत असू द्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता किंवा पदावनत करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीला शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारही धरावा लागतो. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. कंत्राटावर असलेल्यांना कलम २० चं हे संरक्षण सहजी मिळत नाही, आणि आपली बरीच पोरं आज कंत्राटावरच आहेत.