दीपावली : ओळ कुणाची?

दीपावलीच्या तोंडावर पुण्याचा लक्ष्मी रस्ता व तुळशीबाग पाहणे हेही एक दर्शनच होय. पेशवेकालीन राममंदिराभोवती वसलेला हा बाजार. पण सणासुदीत देवापेक्षा दुकानांपुढेच रांग मोठी! २०२५ च्या दिवाळीपूर्वी आम्ही तेथून फेरफटका मारला. २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कर उतरला होता. मोठ्या दूरचित्रवाणी संचावरील २८ टक्के १८ वर आले होते. गिऱ्हाइकांनी दुकाने ओसंडत होती.

कोपऱ्यावर पणत्या व झेंडू घेऊन बसलेल्या बाईंपुढे मात्र घासाघीस चालू होती. मातीची पणती व ताजी फुले यांवर कर मुळात नव्हताच. मग सवलत कसली मिळणार? त्यातच सप्टेंबरच्या महापुराने मराठवाडा व सोलापूर भागातील शेते खरडून गेली होती.

अर्थ हाही पुरुषार्थच आहे. खरेदीला आमचा विरोध नाही. परंतु करसवलत कारखान्यातील मालाला पोचते, मातीला व शेताला पोचत नाही. तेथे ग्राहकाचा विवेकच पोचला पाहिजे. ‘आवली’ म्हणजे ओळ. एकाच घरच्या दिव्यांनी ती पुरी होत नाही. पणतीवाल्या बाईंशी दोन रुपयांसाठी वाद न घालणे, हेही लक्ष्मीपूजनच नव्हे काय?